न पडणारी भिंत

टक्.

खोलीत इतकी शांतता होती की तो आवाज सगळ्यांनीच ऐकला. योगेंद्र सरांचा देह उलटवताना मूठ सैल झाली आणि खेळण्यातली एक लाल वीट फरशीवर पडली. घरात लहान मूल असलेल्या बाईला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. उपनिरीक्षक तृप्तीच्या घरी पाच वर्षांची पोर होती.

केळीच्या मुलखातल्या त्या गावात, लालबाग वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. सरांची कवटी तीन ठिकाणी फुटली होती. पहिला घाव मागून, पुढचे दोन माणूस पडल्यावर. शिंतोडे पार छतापर्यंत. लोखंडी बत्ता मोरीत धुऊन ठेवलेला.

आणि टेबलावर त्याच खेळण्यातल्या विटांचं एक गोदाम, जसंच्या तसं उभं. मागच्या कोपऱ्यात छपराखाली तेवढी एक फट.

"माणसाचा चेंदामेंदा, अन् खेळण्याले ओरखडा नाही," हवालदार वामन म्हणाला.

"मग ही वीट मुठीत कुठून आली, वामनराव?"

चार महिन्यांपूर्वी जवळच्या फोपनार गावी नंदकुमार शेठचं केळीचं गोदाम बांधताना भिंत कोसळली होती. भावाला डबा द्यायला गेलेली सरांची बायको चारुलता तिच्याखाली चिरडून गेली. भाऊ म्हणजे समाधान, त्याच कामाचा ठेकेदार. मुळात हाडाचा गवंडी. शेठ म्हणे भिंत कच्ची होती, समाधान म्हणे शेठने आणलेला माल कच्चा होता. येत्या परवा चौकशीची तारीख होती आणि विज्ञान शिकवणारे सर तिथे हे मॉडेल मांडणार होते.

"शेठ, दुपारी कुठे होता?" तृप्तीने दोघांनाही बोलावून घेतलं होतं.

"मंडी में. किसी से भी पूछ लो. सरांशी भांडलो, हे कबूल. हे मॉडेल बनवायच्या आधी माझंच नाव गावभर खराब करत होते. पण भांडणं अलग, मारणं अलग."

"समाधानभाऊ, तुम्ही?"

"मी त सकायपासून फोपनारले होतो, मॅडम. फोन आला तसा पळत आलो." त्याने डोळे पुसले. "पोरीले घेऊन जाऊ द्या आता. निंबोल्याले, माझ्या घरी नेतो. तिले माझ्याशिवाय कोन आहे?"

ते मात्र खरं होतं. सात वर्षांची अमृता शेजारच्या ओट्यावर, दप्तर पोटाशी धरून बसली होती. मामाची गाडी दारात उभी होती.

तृप्ती तिच्याजवळ जाऊन बसली. वेणीची सुटलेली रिबीन बांधता बांधता तिने विचारलं, "बाबांचं गोदाम काय करतं गं?"

"हँडल फिरवलं की खालची पाटी हलते. मग भिंत पडते, धडाम! मग मी अन् बाबा परत बनवतो."

"प्रत्येक वेळी पडते?"

"हो. आईची भिंत पडली तशीच बनवली ना."

तृप्ती आत आली. देह एव्हाना हलवला होता. हँडल फिरवलं. पाटी थरथरली, छप्पर वाजलं. भिंत उभीच. तिने जोरात फिरवलं. भिंत उभीच.

ती वाकली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग नखाने एक वीट उचकटली. दोन विटांच्या मधे, बंद सांध्यात, वाळलेलं रक्त होतं. त्यात अंगठ्याच्या रेषा.

तिने दोघांना आत बोलावलं आणि घरून मागवलेल्या, लेकीच्या खेळण्यातल्या सुट्या विटांचे दोन ढीग केले.

"चार थर लावा."

"मॅडम, ये क्या मजाक है?" शेठ पुटपुटला. तरी त्याने लावले, केळीच्या क्रेटवर क्रेट रचावी तसे.

समाधानने पहिला थर लावला. दुसऱ्या थराला त्याची बोटं ढिगात काहीतरी शोधू लागली आणि एकदम थांबली.

"अद्धा शोधताय ना?" तृप्ती म्हणाली. "अर्धी वीट. गवंड्याचा हात सांध्यावर सांधा येऊच देत नाही. या भिंतीत अद्धा एका थराला या टोकाला, पुढच्याला त्या टोकाला आहे. सरांनी सगळे अद्धे एकाच टोकाला लावले असणार. तुम्ही फोपनारला बांधलीत तशीच त्यांनी बांधली होती, सांध्यावर सांधा, म्हणून ती पडायची. तुम्ही ती फोडलीत, त्यांनी एक वीट मुठीत धरली, तुम्ही बत्ता घातलात. नुसती फोडून गेला असता तर संशय तुमच्यावरच आला असता. म्हणून नीट बांधून ठेवलीत. परवा हँडल फिरलं असतं, भिंत उभी राहिली असती, आणि सगळा दोष शेठच्या मालावर गेला असता. पण रक्त सांध्याच्या आत आहे, भाऊ. अंगठा तुमचा आहे का, ते कळेलच. आणि मुठीतली वीट कमी पडली, तिची फट छपराखाली राहिली."

मूठभर विटा तिच्या तोंडावर आल्या. पुढच्या क्षणी समाधानचे दोन्ही हात तिच्या गळ्यावर होते. डोकं कपाटावर आपटलं, ओठ फाटला, डोळ्यांपुढे काळोख. वामनची लाठी मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज आला. समाधान गुडघ्यांवर कोसळला.

"माझी बी बहीण होती ती!" तो ओरडत राहिला. वामनने त्याला फरफटत बाहेर नेलं.

तृप्तीने तोंडावरचं रक्त पुसलं. वळून पाहिलं तर ओट्यावरून आत आलेली अमृता टेबलापाशी होती. तिने हँडल फिरवलं. मग आणखी एकदा.

"मामाने बनवली ना ही?"

"हो गं."

अमृताने भिंतीला बोट लावून पाहिलं.

"मावशी, मामाले एवढी पक्की भिंत येते. मग आई होती तिथं का नाही बांधली?"