रोजचे चोवीस

सौरघराची वही बेटावर बायबलखालोखाल विश्वासाची. रोज किती वीज तयार झाली ते विलियामीकाका तिच्यात लिहायचा. सहा वर्षं, रोज चोवीस युनिट. छपरं उडवणारं वादळ झालं, त्या दिवशीही चोवीस.

"त्या दिवशी काका आमच्याबरोबर चर्चच्या बाकाखाली होता," सेपेती म्हणाला. "मला चिमटे काढत होता."

मेलेआनेला हसू आलं नाही. सौरघराच्या विजेवर चालणारा दवाखान्याचा फ्रीज आठवडाभर साठवलेली वीज संपून पहाटे बंद पडत होता आणि आजीचं इन्सुलिन त्यातच असायचं. ओफा नर्सने सांगून टाकलं होतं, "म्हातारीला शुक्रवारच्या बोटीने मोठ्या बेटावर पाठवा. कायमची."

आज बुधवार. सुट्टी गेली खड्ड्यात. मेलेआने आणि तिचा मामेभाऊ सेपेती सौरघराकडे निघाले.

काका विलायती फणसाखाली आडवा होता.

"काका, आज किती?"

"चोवीस." डोळे मिटलेलेच.

"आणि उद्या?"

"चोवीस."

"परवाचंही सांगून ठेव," सेपेती म्हणाला, "उगाच हेलपाटा नको."

मीटरवर कालचा आकडा होता नऊ.

दोघं सौरघराच्या मागे धावले. निम्म्या पॅनेलांवर केवड्याची पानं वाळत घातली होती, वर दगड ठेवून. जुड्यांच्या गाठी मेलेआनेने लगेच ओळखल्या. दोघं तडक घरी गेले.

"आजी, ही तुझी पानं?"

"मग कुणाची? लग्नाची चटई विणायचीय. वाळूवर आठवडा लागतो, काचेवर दोन दिवस. ही चौथी खेप. विलियामीला विचारलं होतं मी. हो म्हणाला."

"झोपेत?"

"ते मला काय ठाऊक."

"आजी, त्या पानांपायीच तुला बेट सोडावं लागतंय."

आजी कंबर कसून सौरघरामागे गेली आणि स्वतःच दगड उचलू लागली.

गुरुवारी मीटरवर एकवीस आले. शुक्रवारी पहाटे ओफाने फ्रीजवर हात ठेवला. तो गुरगुरत होता. बोटीतून नवं इन्सुलिन उतरलं, आजी चढली नाही.

संध्याकाळी गावसभेत मुखियाने दोघांना पुढे बोलावलं. "सहा वर्षांत आम्हा मोठ्यांना सुचलं नाही, ते या पोरांनी केलं. वही वाचली." मग तो काकाकडे वळला. "विलियामी, मीटर दहा पावलांवर आहे."

"वाटेत ऊन असतं," काका म्हणाला.

"ऊन असतं म्हणूनच सौरघर तिथे बांधलंय," आजी म्हणाली.

मंगळवारी ढग होते. काकाने अकरा लिहिले.