आतून ठोकळा धरणारा

आज गाडीच्या छतातून डोकी बाहेर काढून फोटो काढलेत म्हणे तुम्ही. दाखवू नकोस. नको म्हटलं ना, ठेव तो फोन बाजूला.

"काका, तुम्ही भुताची गोष्ट सांगणार होता."

भुताची मी कधी सांगितली नाही. मी डेंटरची सांगतो. माझ्या सीटकव्हरच्या दुकानाला लागूनच त्याचं गॅरेज. मधली भिंत अर्धीच, त्यामुळे त्याची ठोकाठोक मला ऐकू आणि माझं मशीन त्याला. गाडीचा पोचलेला पत्रा असा सरळ करायचा की मालकालाच विचारावं लागे, ठोकर नक्की कुठे लागली होती? हाताखाली त्याचा मेहुणा. त्याला आम्ही रेडिओ म्हणायचो. सकाळी शटर वर गेलं की सुरू, शटर खाली आलं की बंद.

गेल्या सप्टेंबरची अठरा तारीख, गुरुवार. दुपारपासून पावसाने झोडपलं होतं. दिवेलागणीला डेंटर डोक्यावर प्लॅस्टिकची गोणी घेऊन माझ्या दुकानावरून निघाला. मी विचारलं, "एवढ्या पावसात कुठे?" म्हणाला, "पत्रा आणतो. त्या पांढऱ्या गाडीच्या छताला." घाई नव्हती त्याला. मला तंबाखू हवी का, तेही विचारून गेला.

ती पांढरी गाडी महिनाभर गॅरेजात पडून होती. तिचं सनरूफ, म्हणजे छतातली सरकती काच, चौकटीसकट काढून टाकलेली. छताला चौकोनी भगदाड. मालक गाडी टोचन करून घेऊन आला होता. चांगला शिकलेला, नोकरदार माणूस. काच कुठाय म्हणून विचारलं, तर नाही म्हणाला. नवी बसवू का, तर तेही नाही.

"पत्रा लावून बंद करा. आतून आभाळ दिसता कामा नये."

रेडिओला कुठे राहवतंय! "अहो, लोक वर पैसे देऊन सनरूफ घेतात आणि तुम्ही—"

"माझा मुलगा तिथून डोकं बाहेर काढून उभा राहायचा," मालक म्हणाला. "नववीत होता."

होता. त्यावर रेडिओ पाना घेऊन दुसऱ्या गाडीखाली शिरला. त्यानंतर मालक गॅरेजकडे फिरकला नाही. गाडी न्यायची त्याला घाई नव्हती, म्हणून डेंटरनेही काम मागे ठेवलं होतं.

आता डेंटरच्या घरचं सांगतो. सहा वर्षांची एकुलती एक पोर. हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नव्हती. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. ऑपरेशन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, पाच तासांवर. दोनदा तारीख मिळाली, दोन्ही वेळा आदल्या दिवशी तिला खोकला झाला आणि परत पाठवलं. खोकला असला की भूल देत नाहीत. तिसरी तारीख होती शुक्रवार, सकाळी आठ. डॉक्टरांनी डेंटरला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ही चुकली तर चौथी येईपर्यंत थांबायची ताकद तिच्यात नाही. तिला थंडी लागू देऊ नका, भिजू देऊ नका.

सगळी तयारी झाली होती. दवाखान्याची गाडी रात्री दोनला येणार होती. पत्रा घेऊन डेंटर परत आला आणि फोन वाजला. मी तिथेच होतो.

"तुमची गाडी दुसरीकडे पाठवलीय."

"दुसरीकडे म्हणजे? साहेब, ऑपरेशन आहे सकाळी."

"वरून आदेश आला. उद्या दुपारनंतर बघू."

"दुपारनंतर काय बघू? आठला आत घेणार आहेत तिला!"

"तुमची तक्रार नोंदवून घेतो."

तक्रार! पोरीला काय तक्रारीत बसवून नेणार होता तो? खुर्चीतल्या माणसाला एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागतो? फोन ठेवून तो चहाला गेला असेल. इकडे डेंटर पत्र्यावर हात टेकून नुसता उभा. मग आमची धावपळ. टॅक्सीवाल्यांकडे गेलो, वाटेतल्या पुलाचं नाव काढलं की रात्री नाही म्हणाले. शेवटची बस गेलेली. ओळखीच्या दोन गाड्या, दोन्ही बाहेरगावी. माझ्याकडे स्कूटर. डेंटर फिरून फिरून गॅरेजात आला आणि पांढऱ्या गाडीकडे बघत राहिला. इंजिन ठणठणीत होतं; टोचन केली ती मालकाला तिच्यात बसवत नव्हतं म्हणून. फक्त वर भगदाड.

त्याने मालकाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून आवाज आला, "न्या. पण वरचं बंद करून न्या… उघडी नेऊ नका."

मी दहाला घरी गेलो. पुढचं मला डेंटरने नंतर सांगितलं. एकदाच. पुन्हा विचारलं तर उठून जातो.

हे काम कसं असतं ते आधी ऐका, नाहीतर कळायचं नाही. छताच्या गोलाईला जुळेल असा पत्रा वाकवायचा, भगदाडावर ठेवायचा आणि गॅसने कडेकडेने वेल्डिंगचे टाके मारायचे. आचेने पत्रा फुगतो, कडा उचलल्या जातात. त्या बसवायला दोन माणसं लागतात. एक वर हातोडी घेऊन, दुसरा गाडीत बसून. आतल्याने लोखंडी ठोकळा पत्र्याला खालून घट्ट दाबून धरायचा, वरच्याने बरोबर त्याच्यावर मारायचं. मागे ठोकळा असला की आवाज येतो टण्ण. नसला की ढब्ब. तेवढं झालं की आतला माणूस ठोकळा दोनदा वाजवतो, म्हणजे पुढे सरक.

ठिणग्या आत जाऊ नयेत म्हणून सीटवर ओली पोती टाकलेली. काचा कागदाने झाकलेल्या. आतलं बाहेरून काही दिसत नव्हतं.

रेडिओ त्या रात्री फारच बडबडत होता. भीतीने बोलत होता बिचारा. पूल, पाऊस, ताईला जेवण गेलं नाही, पोरीचं अंग गरम लागतंय का… डेंटर खेकसला, "तोंड बंद ठेवून काम होत नाही का तुला? जा, पोरगी झोपलीय का बघून ये आणि गपचूप आत बस." घर गॅरेजच्या मागेच. रेडिओ गेला.

डेंटरने राहिलेले टाके मारले. काळा चष्मा डोळ्यावर, वर पत्र्याच्या शेडवर पावसाचा ताशा. टाके संपले. हातोडी घेतली.

आतून ठोकळा वाजला. दोनदा.

आला वाटतं, असं म्हणून त्याने मारायला सुरुवात केली. टण्ण. टण्ण. कड बसली. आतून दोनदा. तो पुढे सरकला. टण्ण. पुन्हा दोनदा. रेडिओचा हात नेहमी घसरायचा, तिसऱ्या-चौथ्या घावाला एक ढब्ब ठरलेलाच. त्या रात्री एकही नाही. आणि शब्दही नाही. डेंटरला वाटलं, राग आलाय त्याला. घाव घालता घालता म्हणाला, "अरे, मघाचं मनावर घेऊ नकोस. माझं डोकं ठिकाणावर नाही."

आतून काही नाही.

"पोरगी झोपली ना?"

ठोकळा वाजला. दोनदा.

तीन बाजू झाल्या. चौथी निम्मी झाली. ड्रायव्हरच्या बाजूचा कोपरा तेवढा राहिला. आणि मागचं दार ढकलून रेडिओ आत आला. छत्री मिटत.

"दाजी, चुकलं. ताई सोडेचना. पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं, हललो असतो तर जागी झाली असती. आता बसतो आत. तुम्ही काहीच केलं नाहीत ना माझ्यावाचून?"

डेंटर छतावर वाकलेला. हातोडी हातात.



रेडिओने छताकडे बघितलं. तीन बाजू सपाट. मग डेंटरकडे बघितलं.

"दाजी… हे एकट्याने…?"

आतून ठोकळा वाजला.

दोनदा.

"काका, पुरे आता." कोण बोललं? बस. गुपचूप बस इथे, माझ्याजवळ.

डेंटर खाली उतरला. दार उघडलं. दिवा आत धरला. पोती. ओली. कोणी नाही. ठोकळा खाली पायाशी पडलेला. त्याने उचलला. धरायच्या बाजूचं लोखंड कोमट होतं, हातात बराच वेळ धरल्यासारखं.

रेडिओ भिंतीला टेकलेला. "दाजी, मी नाही बसणार आत. पाया पडतो. दुसरं काहीही सांगा."

"मग मी बसतो. तू वरून मार."

"माझ्या हातून टाके उखडतील, दाजी. तुम्हाला माहितीय."

माहीत होतं. कोपरा वीतभर उचललेला. असंच निघालं तर पुलापर्यंतही पत्रा टिकला नसता. वारा आत शिरून अख्खा उचकटला असता. वरून पाऊस. खाली पोर.

आणि नीट बंद केला तर? मग जे आत आहे ते आतच. त्यातच पोरीला झोपवायचं. पाच तास.

तो उभा राहिला. मग घरातून आवाज आला. पोरीचा. खोकल्याचा नव्हे अजून… घसा खाकरल्यासारखा. एकदाच.

डेंटरने ठोकळा परत सीटवरच्या पोत्यावर ठेवला. दार लावलं. वर चढला. पत्र्याला तोंड लावून हळू बोलला, माझ्याशी बोलतो तसंच.

"धर रे बाळा. माझ्या पोरीला न्यायचंय."

काही नाही.

पाऊस.

त्याने हातोडी उचलली. डोळे मिटले. मारली.

टण्ण.

अडीचच्या सुमाराला सांध्यांवर पाणी अडवायचं सीलंट फिरवून झालं. पोती काढली, कागद काढले, सीट कोरड्या फडक्याने पुसल्या. बायको पोरीला गोधडीत गुंडाळून घेऊन आली. दोघांची तोंडं बघून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही. दमलोय."

ती मागे बसली, पोरीचं डोकं मांडीवर घेऊन. रेडिओला मागे बस म्हटलं तर बसेना, घरी थांब म्हटलं तर थांबेना. ताईला एकटी कशी सोडू म्हणाला. शेवटी पुढे बसला. दाराला चिकटून. पाच तासांत रेडिओ एक शब्द बोलला नाही. डेंटरने निघतानाच मधला आरसा खाली वळवून ठेवला होता. मागे बघायचं नाही, हे त्याने ठरवलं होतं. पुलावर चाकं बुडेपर्यंत पाणी. तेव्हाही बघितलं नाही. नुसतं विचारायचा, "झोपलीय?" बायको म्हणायची, "झोपलीय." पुन्हा थोड्या वेळाने, "झोपलीय?" एकदा ती म्हणाली, "गाडीत ऊब आहे हो छान." डेंटरचे हात स्टिअरिंगवर गारठले होते. रेडिओचे दात वाजत होते.

छतातून एक थेंब आला नाही.

पोर एकदाही खोकली नाही. साडेसातला तिला दवाखान्यात घेतलं. नर्सने छाती तपासली, घसा बघितला, डेंटर भिंत धरून उभा. "चालेल," नर्स म्हणाली. या एका शब्दावर तो माणूस खाली बसला, फरशीवर. दुपारी डॉक्टर बाहेर आले. झडप बसली होती. आता ती सायकल चालवते. परवाच माझ्या दुकानाच्या पायरीवर धडकली.

तर त्याच शुक्रवारी संध्याकाळी डेंटर पिशव्या काढायला गाडीकडे गेला. त्याला जे दिसलं, ते तो मला सांगू शकला नाही. आठवड्याने एक वस्तू पोत्यात गुंडाळून त्याने माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाला, "हे तेवढं नीट करून दे. मालक गाडी न्यायला येतोय. त्याला हे दिसायला नको."

पुढच्या दोन सीटच्या मधे हात टेकायची गादी असते ना, ती. छतातून डोकं बाहेर काढायचं तर पोरं तिच्यावरच उभी राहतात. तुम्हीही राहिला असाल आज.

गादीवर दोन खळगे होते. अनवाणी पावलांचे. दहाही बोटं वेगवेगळी कळत होती. मी तीस वर्षं फोम कापतोय. माणूस उठला की फोम उठतो. मी वाफ दिली. इस्त्रीखाली ओलं फडकं ठेवून पुन्हा दिली. रात्रभर उलटी टांगून ठेवली. उठला नाही.

पण मी बघत राहिलो ते त्यासाठी नाही. डेंटरला मी विचारलं, गादीची पुढची बाजू कोणती? त्याने दाखवली. म्हणजे बोटं पुढच्या काचेकडे नव्हती. मागच्या सीटकडे होती.

आणि टाचा नव्हत्या. दोन्ही पावलांना टाचाच नव्हत्या. नुसते चवडे… एखादं पोर कोणाला जागं न करता, वाकून, बघत उभं असावं तसे.