कोठारातली स्लग

"संध्याकाळी पोलीस माझी बंदूक घेऊन जाणार, बाई," एमॉस ॲस्क्यू म्हणाला. "परवाना गेला की ससे गेले. ससे गेले की मी खाऊ काय?"

यॉर्कशायरच्या डोंगरात डिन्सडेलच्या शेतावर ससे टिपण्यात या माणसाचा जन्म गेला होता. त्या सकाळी डिन्सडेलची कुत्री फ्लाय कोठारात गोळी लागून जागीच कोसळली. ती वाचली, पण जनावरांच्या डॉक्टरांनी तिच्या खांद्यातून काढली ती स्लग, म्हणजे हवेच्या बंदुकीची जड गोळी होती, आणि शेतावर स्लग वापरणारा ॲस्क्यू एकटाच.

गुप्तहेर हेस्टर प्राउडने ती तळहातावर घेतली. साध्या छर्र्याची कंबर बारीक असते, ही भरीव होती. टोकाला खळगा, त्याची कड शाबूत.

"कोरीच दिसते," तिचा सहकारी नॉर्मन टब म्हणाला.

"वा! आज डोळे उघडे आहेत म्हणायचे."

तिने ॲस्क्यूलाच आधी विचारलं, "स्लग का?"

"माळावर वारा फार. छर्रा भरकटतो, स्लग सरळ जाते. टोक फुलतं, ससा तडफडत नाही."

"आणि कोठारातले उंदीर?"

"तिथं छर्रा! स्लग भिंतीवरून उलटून मलाच लागायची. वेडा आहे का मी? स्लगची डबी डिन्सडेलच्या ओसरीतच पडून असते."

शेजारच्या रानाचा रखवालदार रेनिसन चिडलेलाच होता. "शिकारीसाठी राखलेले माझे पक्षी ही कुत्री उठवते, राग आहेच. पण माझी बंदूकही ॲस्क्यूच्या तोडीची. एवढ्याशा कोठारात मी मारली असती तर डॉक्टर कशाला लागला असता?"

डिन्सडेलचा पुतण्या क्लाइव्ह मात्र हसत होता. "माझी बंदूक दुबळी, तिला परवानाही लागत नाही. तिच्यातून स्लग वाकडीतिकडी जाते, कुणालाही विचारा. म्हातारा ॲस्क्यू एकदाचा हटला की शहरातले पैसे मोजणारे हौशी शिकारी आणतो बघा."

हेस्टरने सगळ्यांना स्वयंपाकघरात बसवलं.

"स्लगचं टोक वेग असेल तरच फुलतं. जोरदार बंदुकीने इतक्या जवळून मारली असती, तर ती चपटी झाली असती किंवा आरपार गेली असती. ही खांद्यातच अडकली, तीही कड न मोडता. म्हणजे बंदूक दुबळी."

"पण दुबळीतून नेम लागत नाही ना?" नॉर्मन गोंधळला.

"माळावर लागत नाही. चार पावलांवर नेम कशाला हवा? आणि कोठारात स्लग कुठला जाणकार वापरेल? स्लग काही कुत्रीला मारण्यासाठी निवडलीच नव्हती, ॲस्क्यूचं नाव पुढे यावं म्हणून निवडली होती. ओसरीतली डबी तुझ्या हाताशीच होती, क्लाइव्ह."

क्लाइव्हचं हसू उतरलं. "मरणार नव्हती ती, काका," तो पुटपुटला.

"चालता हो," डिन्सडेल ओरडला. मग त्याने ॲस्क्यूकडे पाहिलं. "अरे एमॉस, पोलिसांना मी सांगतो. तू उद्यापासून ये. आता बस, चहा घे."

ॲस्क्यूने टोपी घातली. त्याला वाईट वाटलं होतं, फार वाईट, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"ससे मारायला येईन, तुझं गवत वाचायला हवं. पण सकाळी मला एक शब्द न विचारता तू पोलिसांना फोन केलास. तुझ्या घरात मी चहा पिणार नाही, डिन्सडेल."

आणि तो फ्लायला बघायला गोठ्याकडे गेला.