शेवटच्यानं फाटक लावायचं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. कुणाची समजूत घालायला मी बसलेली नाही. हे माझ्यासमोर घडलंय.

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. न्यूझीलंडमधल्या ओटागोत जुन्या रेल्वेचे रूळ काढून सायकलवाट केलीय. आम्ही तिघं शाळेपासूनचे मित्र... मी नोएलीन, रेवी आणि लिन्ली. सहलीचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळची बस गाठायची होती.

ही वाट मेंढ्यांच्या कुरणांतून जाते. सारखी फाटकं लागतात. शेवटच्यानं फाटक लावायचं आणि ओरडायचं, "बंद!" मग पुढच्यांनी मागे न बघता निघायचं.

शेवटी नेहमी लिन्ली. तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू.

"बंद! पळा आता, म्हाताऱ्यांनो!"

"बंद! रेवी, तुझ्यापेक्षा मेंढ्या बऱ्या रे!"

दुपारनंतर समोरून बोचरा वारा सुटला. पाऊस तोंडावर. आम्ही माना खाली घालून सायकली रेटत होतो.

मागे फाटक आपटलं.

"बंद!"

पुढच्या फाटकालाही... खाडकन.

"बंद!"

"आज बाईसाहेब एवढ्यावरच कशा थांबल्या?" रेवी म्हणाला.

"दमली असेल. बरंच आहे, कानांना सुट्टी," मी म्हटलं.

ते आठवलं की अजून माझाच राग येतो.

एकदा मी वळून पाहिलं. फाटक लागलेलं होतं. वाट मात्र रिकामी... वळणाआड असेल, असं समजून मी पुढे गेले.

शेवटच्या फाटकाशी आवाज आला तो थेट माझ्या मानेमागून. लिन्लीचाच. पण एखाद्यावर दात असावा तसा.

"बंद."

गावात पोचलो. चहा सांगितला, तिच्यासाठीही चीज स्कोन, म्हणजे चीज घातलेला गरम पाव, मागवला. तो गार झाला.

लिन्ली आली नाही.

तिच्या फोनला रेंज नव्हती. आम्ही उलटे निघालो. सगळी फाटकं बंद होती... पण कडी लावून नाही. जाड तारेनं करकचून पिळलेली. आमच्यापैकी कुणाकडेच तार नव्हती. रेवीनं पकडीनं ती सोडवली. त्याचे हात रक्ताळले.

वारा सुटल्यावर लागलेल्या पहिल्याच फाटकापलीकडे लिन्ली उभी होती. सायकल पंक्चर होऊन आडवी पडलेली. तिनं दोन्ही हातांनी गज धरले होते. रेवीनं फाटकावरून चढून जाऊन तिचं एकेक बोट सोडवलं.

"अगं, हाक मारायची ना!" मी ओरडलेच.

तिनं तोंड उघडलं. पुन्हा उघडलं.

आवाजच नाही...

डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. मग तिचा आवाज गेला कुठे? काय झालं होतं, विचारलं की ती मान फिरवते. आमची बडबडी लिन्ली आम्ही अर्धीच परत आणली. हे मला सहन होत नाही.

परवा दुपारी ती माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघी समोरासमोर चहा पीत होतो. तिचे ओठ मिटलेले.

बाहेर माझ्या बागेचं फाटक आपटलं.

"बंद!"

लिन्लीच्या हातातला कप खाली पडला. मी हलले नाही.

आणि मग बाहेरूनच, हसत, अगदी तिच्याच ढंगात,

"पळा आता, म्हाताऱ्यांनो!"

त्या दिवसापासून मी मागच्या दारानं ये-जा करते. फाटक अजून बंदच आहे. त्याला तार आहे की नाही, हे बघायची माझी हिंमत झालेली नाही.