जाईबनच्या गेटवरचा ओरखडा

मंगला देवरे आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि लगेच उठून उभ्या राहिल्या.

"आमच्या सोसायटीत एका निरपराध माणसावर आळ आलाय. तीन दिवस झाले, मला स्वस्थ बसवत नाही."

"निरपराध कशावरून?" त्यांच्या डाव्या हाताच्या टेबलावरून बागूलकाकांनी विचारलं.

मंगलाताई दचकल्या. "अगं बाई! तुम्ही कधी आलात?"

"मी इथंच होतो की," काका पुटपुटले.

तृप्ती अहिररावने वही उघडली. अपघातग्रस्त गाड्यांची पाहणी करण्यात दहा वर्षं घालवल्यावर तिने शरणपूर रोडवर स्वतःची तपास संस्था काढली होती. बागूलकाका पोलीस खात्यातून निवृत्त झालेले हवालदार. पायाला भिंगरी, पण डोकं जरा सावकाश चालायचं.

"सुरुवातीपासून सांगा," तृप्ती म्हणाली.

गंगापूर रोडजवळच्या जाईबन सोसायटीत मंगलाताई एकट्या राहत होत्या. वय सदुसष्ट, निवृत्त मुख्याध्यापिका. मंगळवारी सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या, सचिव किशोर कोठावदे यांच्या गाडीला कोणीतरी ठोकून पसार झालं. आळ आला वॉचमन पुंजा भोयेवर. तो चार-पाच गाड्या धुवायचा, त्यांच्या चाव्या त्याच्या केबिनमध्ये असायच्या. एखादी गाडी सरकवताना त्यानेच ठोकली, असं कोठावदेंनी ठरवलं आणि त्याच दिवशी त्याला काढून टाकलं.

"पुंजा काय म्हणाला?"

"मी गाडीला हात लावला नाय, एवढंच. मग कोणी ठोकली विचारलं, तर गप्प. सगळे म्हणाले, बघा, गप्प बसला. बायकोला घेऊन हरसूलकडं गावी गेला बिचारा."

"त्या सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"साडेनऊला वाचनालयात निघाले. गेटवरच्या स्पीडब्रेकरने नेहमीसारखा हिसका दिला, ते आठवतंय. पुंजा पाइप घेऊन उभा होता. त्याने हात वर केला, मीही हात केला आणि पुढे गेले. तो कोणाची गाडी सरकवत नव्हता, मी शपथेवर सांगेन. ठोकून पळणाऱ्यांची मला भयंकर चीड आहे. माझ्याच गाडीचा आरसा परवा भाजीबाजारात कोणीतरी मोडला. थांबलंसुद्धा नाही!"

*

जाईबनच्या गेटपाशी ड्रिल मशीनचा आवाज कानठळ्या बसवत होता. पाण्याच्या पाइपलाइनचं खोदकाम सुरू होतं. कोठावदे खाली येईपर्यंत तृप्ती खड्ड्याच्या कडेने फेऱ्या मारत होती.

"कॅमेरा?" तिने ओरडून विचारलं.

"वायर सोमवारीच तुटली," कोठावदे ओरडले. "या लोकांनी सोमवारी संध्याकाळी गेटवरचा स्पीडब्रेकरसुद्धा उखडला. सांगून ऐकत नाहीत!"

"गाडी कशी उभी होती?"

"गेटबाहेर, डाव्या कडेला. तोंड मेन रोडकडे. नऊला उभी केली तेव्हा धड होती. दहाला पाहतो तर हे." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. करड्या गाडीच्या उजव्या अंगावर मागच्या दारापासून पुढे गेलेला लांब ओरखडा, त्यात पांढरा रंग. उजवा आरसा पुढच्या बाजूला मोडून लोंबत होता.

"आवाज कोणी ऐकला नाही?"

"या मशीनपुढे?"

"सोसायटीत पांढऱ्या गाड्या किती?"

"अकरा. पण ताई, तुम्ही उगाच फिरताय. पुंजाचं मन त्याला खात होतं, म्हणून तो तोंड उघडेना."

तृप्तीने काकांना अकराही गाड्या बघायला पाठवलं. अर्ध्या तासाने ते धापा टाकत आले, पण चेहरा खुलला होता.

"सापडला चोर! तिसऱ्या मजल्यावरची शुभांगी. नवीनच चालवायला शिकलीय. पांढरी गाडी, उजवं दार चेपलेलं, वर कव्हर घालून ठेवलंय."

शुभांगीने दार अर्धवटच उघडलं. प्रश्न ऐकताच तिचे डोळे भरून आले.

"मी पार्किंगच्या खांबाला घासली. घरी कळलं तर गाडी बंद होईल. पण कोठावदेकाकांच्या गाडीला मी नाही लावली हो. खरंच नाही."

"हिला सोडायचं नाही," जिन्यात काका म्हणाले.

"सोडायचं. ओरखडा मागून पुढे गेलाय, आरसाही पुढे ढकललाय. म्हणजे ठोकणारी गाडी त्याच दिशेने, गेटमधून बाहेर जात होती. उभ्या गाडीच्या उजव्या अंगाला घासून पुढे गेलेल्या गाडीला लागेल कुठे?"

काकांनी दोन्ही हातांच्या दोन गाड्या करून पाहिल्या. "डाव्या अंगाला."

"शुभांगीची उजवीकडे चेपलीय. अजून कुठल्या गाडीला नवा मार आहे?"

काका जिन्यातच थबकले. "एकाच. पण मॅडम, तसं कसं होईल? त्यांनीच तर आपल्याला बोलावलं."

*

मंगलाताईंच्या बैठकीच्या खोलीत चहा निवत होता. कोणीच कप उचलला नाही.

"सापडलं?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"सापडलं. ताई, मंगळवारी तुमच्या गाडीला गेटवर हिसका बसला. पण स्पीडब्रेकर सोमवारीच उखडला होता."

"मग तिथला खड्डा असेल."

"खड्ड्याने डावा आरसा मोडत नाही. तुमच्या डाव्या बंपरवर कोठावदेंच्या गाडीचा करडा रंग लागलाय. मशीनच्या आवाजात घासल्याचं ऐकू आलं नाही, हिसका तेवढा जाणवला."

मंगलाताई ताडकन उठल्या. "मी ठोकून पळेन? शाळा चालवली मी! समोर उभी असलेली गाडी मला दिसली नसती?"

"ताई, बागूलकाका कुठे आहेत?"

"आत्ता होते. बाहेर गेले असतील."

"मी इथं आहे, ताई," काका हळूच म्हणाले. ते त्यांच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर उभे होते.

मंगलाताईंनी मान वळवली.

"माझ्या ऑफिसातही तुम्हाला ते दिसले नव्हते," तृप्ती म्हणाली. "डावीकडचं तुम्हाला दिसत नाही, आणि दिसत नाही हेही कळत नाही. कारण डोळ्यांचं की डोक्याचं, ते डॉक्टर सांगतील. आपण आत्ताच जाणार आहोत. पुंजाने हात वर केला तो नमस्कार नव्हता. तो तुम्हाला थांबवत होता."

मंगलाताई खाली बसल्या. पर्समधून गाडीची चावी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"आधी कोठावदेंकडे," त्या म्हणाल्या. "मग डॉक्टर. आणि ही चावी घ्या. माझ्याजवळ राहिली तर मी उद्या स्वतःची समजूत घालून पुन्हा गाडीत बसेन."

*

डॉक्टरांनी तपासण्या सुरू केल्या, गाडी कायमची बंद केली. रविवारी काकांनी तृप्तीच्या गाडीतून मंगलाताईंना हरसूलपलीकडच्या पाड्यावर नेलं. खळ्यावर पुंजा आणि त्याची बायको सिंधुबाई भात झोडत होते. मंगलाताई तुसावरूनच चालत गेल्या.

"पुंजा, गाडी मी ठोकली. मला कळलंच नाही. पण भोगलं तुम्ही. माफी मागायला आलेय."

पुंजाने हातातली पेंढी खाली ठेवली.

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय, बाई. मी दिवसभर वाट पाह्यली, आता बाई बोलतील, मग बोलतील."

"मग माझं नाव का नाही घेतलं?"

"कोणी ऐकलं असतं? बाईंवर ढकलतो म्हणले असते. न् खरं सांगू, तुम्ही स्वतःहून बोलावं असं लय वाटत व्हतं."

सिंधुबाईने पाण्याचा तांब्या आणून डावीकडून पुढे केला. तो उजवीकडून द्यायचा, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मंगलाताईंनी चाचपडत घेतला.

"कोठावदेंना सगळं सांगितलंय," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, पुंजाला म्हणावं, उद्यापासून कामावर ये."

"निरोप धाडला व्हय?" सिंधुबाई पहिल्यांदाच बोलली. "काढताना तर चार लोकांत ओरडून काढलं."

पुंजाने मान हलवली. "मी येईन. पण त्यांनी इथं यावं. तुम्ही आल्या तसं."

काका मध्ये काही बोलणार होते. मंगलाताईंनी हातानेच त्यांना थांबवलं, फोन काढला आणि रेंजसाठी बांधावर चढल्या. पुंजाची अट त्यांनी कोठावदेंना शब्दशः सांगितली.

"मी तिथं यायचं?" कोठावदे पलीकडून म्हणाले.

"मी माझा वाटा उचलला, किशोर," मंगलाताई म्हणाल्या. "तुमचा मला उचलता येणार नाही."

मग कोठावदेंचा आवाज आला, "किती वाजता निघायचं?"