पोस्टरवरची रुंद इरिया

खाटकाच्या दुकानाच्या काचेवर जत्रेचं पोस्टर बघितलं आणि इरियाच्या अंगाचा तिळपापड झाला. गावच्या बँडचा फोटो, पहिल्या रांगेत क्लॅरिनेट घेतलेली ती स्वतः — आणि रुंदीला चांगली परातीएवढी!

"काय गं, जत्रेआधीच सगळं खाऊन घेतलंस वाटतं?" दुकानाच्या गल्ल्यावरून एर्मेलिंदाकाकू खिदळल्या.

इरिया तडक पंचायतीच्या ऑफिसात शिरली. कॉम्प्युटरपुढचा टोमे दचकून उभाच राहिला. गावातले फोटो हा काढतो, एवढीच तिची त्याच्याशी ओळख.

"हे तू केलंस?"

"हो... म्हणजे... फोटो उभा होता, कागद आडवा. ओढून बसवला."

"माणसं म्हणजे काय चादर आहे, ओढून बसवायला?"

"तो फक्त नमुना आहे! चार वाजता छापखान्यात पाठवायचंय. तीनशे प्रती..."

तीन वाजून गेले होते. तीनशे रुंद इरिया, चर्चच्या दारापासून बसथांब्यापर्यंत! ती खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. शाळेचं मासिक ती याच फुकटातल्या सॉफ्टवेअरवर करायची.

"रुंदी आणि उंचीमधली ही साखळी दिसते? ती तोडलीस, म्हणून आम्ही फुगलो. जोडलेली ठेव, मग एक बदललं की दुसरं आपोआप बदलतं. आता एखादा आडवा फोटो दे."

"आडवे... नकोत. त्यात बघण्यासारखं काही नाही."

तिने फोल्डर उघडलंसुद्धा. तीन वर्षांच्या जत्रा. पावसात कपाळाला केस चिकटलेली ती. वाजवायच्या आधी ओठ ओले करणारी ती. क्लॅरिनेटची रांग लख्ख, बाकीचा बँड अंधूक. माउसवरचं तिचं बोट हळू होत गेलं आणि कान तापले.

"टोमे, बँडमध्ये आम्ही सव्वीस जण आहोत."

"माहितीये."

"माझे बाबा ढोल वाजवतात. तीन वर्षांत त्यांचं एकदाही पूर्ण डोकं आलेलं नाही."

"तिकडे कॅमेरा... वळतच नाही."

"का?"

त्याने कीबोर्डकडे बघत एक श्वास घेतला. "तू आवडतेस मला. पहिल्या जत्रेपासून. बोलायला धीर होत नव्हता, म्हणून फोटो काढत राहिलो."

इरियाने ओठांवर आलेलं हसू दाबत माउस पुन्हा हातात घेतला. तिने बाबांचं निदान अर्धं डोकं असलेला एक फोटो निवडला, साखळी जोडून पोस्टरच्या मापाचा केला आणि पाठवून दिला. चार वाजायला आठ मिनिटं होती.

"रविवारी मिरवणुकीत कॅमेरा दुसऱ्या कुणाला तरी दे," ती म्हणाली.

"आणि मी?"

"तू माझ्या शेजारून चाल. फक्त बाबांना तोंड द्यायची तयारी ठेव. पोस्टरवर अर्धं डोकं दिसलं, की ते जाब विचारायला येणारच."

"बाप रे! काय सांगू त्यांना?"

तिने त्याच्या हातावर हात ठेवला. "आत्ता मला सांगितलंस ना... तेच."