दाबा, धरा, सोडा

असीरगडच्या पायथ्याला, जिथून रस्ता निंबोल्याकडे उतरतो, तिथं भूपेंद्रचं गॅरेज होतं. जागा हेरून घेतलेली. चढून आलेल्या गाड्या तापून थांबत, उतरणाऱ्या भिऊन.

कोकिळाबाई नवऱ्याची जुनी पांढरी मोटार स्वतः चालवत बऱ्हाणपुराहून आल्या, तेव्हा भूपेंद्रनं दुःखी चेहरा केला. गिऱ्हाइकांसाठी तो तयारच असे. गेल्या वर्षी त्यांचे यजमान निरंजन मास्तर याच गॅरेजातून, याच मोटारीचे ब्रेकचे रबर बदलून निघाले आणि याच उतारावर केळीच्या ट्रकवर आदळून गेले. ब्रेक तर एकदम बढिया होता, मास्तरांचाच पाय घाबरून ॲक्सिलरेटरवर पडला, हे भूपेंद्रनं स्मशानातच सगळ्यांना समजावलं. गावानं ते चवीनं वाटून खाल्लं. जन्मभर पोरांना उजवं-डावं शिकवलं, अन् ऐनवेळी स्वतःच विसरले! कोकिळाबाईंचं दुःख आता जरा निवलं होतं. या वाक्याचा राग मात्र रोज ताजा निघे.

"ब्रेक कधी लागतो, कधी नाही. माझ्यासमोर उघडा," त्या म्हणाल्या.

"देखो मॅडम, टेन्शन नका घेऊ."

त्यानं मागचं चाक काढलं. आतून काळं, तडकलेलं, कित्येक वर्षांचं रबर निघालं. ते त्यानं झटकन खिशात घातलं.

"ते काय होतं?"

"कचरा."

नवं रबर बसलं. राहिली ब्रेकच्या नळीतली हवा काढायची. त्याला माणसं दोन लागतात. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं गाडीखाली पडून चाकामागचा निपल ढिला करून हवा सोडायची. हाताखालचा माणूस लग्नाला गेलेला, म्हणून कोकिळाबाईच आत बसल्या.

"दाबा," खालून आवाज आला. "धरा. सोडा."

पुन्हा "दाबा" आलं. त्यांनी दाबायला पाय उचलला, तोवर पेडल खाली गेलं होतं.

त्यांनी पाय सीटवर ओढून घेतले.

"सोडा."

पेडल वर आलं.

कोकिळाबाई हळूच उतरल्या आणि गॅरेजातल्या पाण्याच्या माठाजवळ जाऊन उभ्या राहिल्या. गाडीचं दार उघडंच होतं. आत उन्हाचा पट्टा, धूळ आणि रिकामी सीट.

"दाबा."

पेडल गेलं.

"धरा. वा मॅडम! मास्तरांपेक्षा तुमचा पाय चांगलाय."

पेडल तळाला टेकलं आणि तिथंच राहिलं.

"सोडा. अहो, सोडा ना!"

बऱ्याच वेळानं ते वर आलं. सावकाश.

भूपेंद्र हात पुसत बाहेर आला. "अरे, तुम्ही कधी उतरल्या?"

"आत्ताच."

"निंबोल्यापर्यंत चक्कर मारून बघतो. बसता?"

पेडलचं सांगायचं तर हीच वेळ होती. कोकिळाबाईंनी पदर सारखा केला.

"भूपेंद्रभाऊ, एकदा म्हणा, आमच्या मास्तरांची चूक नव्हती. चार लोकांत नको. मला एकटीला म्हणा."

तो हसला. "क्या मॅडम! गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"बरं," त्या म्हणाल्या. "या फिरून."

गाडी उताराला लागली. कोकिळाबाईंनी माठातून पेला भरून घेतला आणि बघत राहिल्या.

मागचे दोन्ही लाल दिवे पेटलेले होते. भूपेंद्रनं ब्रेक दाबून धरला होता, अगदी नीट.

गाडीचा वेग वाढतच होता.